पडद्यातला पडदा: सिनेमात जुना सिनेमा दाखवायचा तर

साल १९८४, शनिवारची संध्याकाळ. वाशीतलं सिडकोचं घर, कोपऱ्यात शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, सतरंजीवर शेजारच्या चार घरांतली माणसं आणि दाराशी चपलांचा ढीग. दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागलाय. पटकथेत हे सगळं एका ओळीत उरकतं: 'टीव्हीवर जुना सिनेमा चालू.'

त्या एका ओळीत चार कामं लपलेली असतात. क्लिप वापरायचा हक्क, क्लिपची धड कॉपी, ती कॅमेऱ्यासमोर नीट दिसणं आणि तिचा आवाज. चारही एडिटिंग टेबलवर ढकलली की घोळ ठरलेला. 'नंतर बघू, काहीतरी टाकू' म्हणत शूट उरकतं. मग हवी ती क्लिप मिळत नाही, आणि मिळते तिच्यात नायिका रडत असताना आपली सतरंजीवरची मंडळी हसत असतात.

म्हणून पहिला प्रश्न पटकथेच्या पातळीवरचाच: ही क्लिप बदलता येते का? 'द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह' या १९७३ च्या स्पॅनिश सिनेमात एक लहान मुलगी गावात आलेला 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) पाहते आणि तो राक्षस तिच्या डोक्यातून जातच नाही. तिथे दुसरा सिनेमा चालणारच नाही, पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. उलट 'द शॉशँक रिडेम्पशन'च्या मूळ कथेत कैदी 'द लॉस्ट वीकेंड' पाहतात. त्या क्लिपचे पैसे फार होत होते, म्हणून सिनेमात रिटा हेवर्थचा 'गिल्डा' (१९४६) आला. कथेच्या नावातच रिटा हेवर्थ होती, त्यामुळे तडजोड मूळ कल्पनेपेक्षा सरस ठरली. आपली क्लिप पहिल्या जातीची असेल तर हक्काचं पत्र हातात आल्याशिवाय शूटची तारीख लावू नये. दुसऱ्या जातीची असेल तर तीन पर्याय काढून ठेवावेत.

सात सेकंदांचा नियम

युनिटमध्ये कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, 'सात सेकंदांपर्यंत चालतं.' कोणाच्या मते दहा. भारतीय कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमात, असा सेकंदांचा आकडा कुठेही नाही. कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत: खासगी अभ्यास, टीका-परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. गोष्टीत माणसं टीव्ही पाहत बसलीत, हे यातलं काहीच नाही.

'पण तो तर मागे पार्श्वभूमीला चाललाय' हा दुसरा युक्तिवाद. कलम ५२ मध्ये पार्श्वभूमीला आनुषंगिक येणाऱ्या गोष्टींना सवलत आहे खरी, पण ती कलाकृतींना, म्हणजे भिंतीवरचं चित्र, चौकातलं शिल्प यांना. सिनेमाच्या क्लिपचा त्यात उल्लेख नाही. अगदी क्षुल्लक वापराकडे कायद्याने लक्ष देऊ नये, हे तत्त्व दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली गाण्याच्या काही ओळींच्या प्रकरणात लावलं. पण तो कोर्टात उभं राहिल्यावरचा बचाव आहे. त्याच्या भरवशावर प्रॉडक्शनचं नियोजन करणं म्हणजे विमा आहे म्हणून गाडी झाडावर घालणं.

'जुना आहे, आता फुकट झाला असेल' हा तिसरा गैरसमज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त महागात पडतो. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा. मोजणी १९६० पासून, म्हणजे सिनेमा म्हणून त्याची मुदत २०१९ च्या अखेरीस संपली. आता त्यातलं 'बुगडी माझी सांडली गं' घ्या. गीत गदिमांचं. गीत, संगीत, कथा, पटकथा यांचे हक्क सिनेमापासून वेगळे मोजले जातात: लेखक किंवा संगीतकार यांच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. गदिमा गेले डिसेंबर १९७७ मध्ये, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत संरक्षित. सिनेमाचा कॉपीराइट संपला तरी त्यातलं गाणं सुटत नाही.

अमेरिकेत याच गोष्टीचा मोठा तमाशा झाला. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) या सिनेमाच्या हक्कांचं नूतनीकरण १९७४ साली करायचं राहून गेलं. मग प्रत्येक टीव्ही स्टेशन नाताळात तो फुकट दाखवू लागलं. 'होम अलोन' (१९९०) मध्ये पॅरिसला अडकलेलं कुटुंब तोच सिनेमा फ्रेंचमध्ये डब केलेला पाहतं. पुढे १९९३ साली मूळ कथा आणि संगीताच्या हक्कांच्या जोरावर हक्कदार कंपनीने तो पुन्हा ताब्यात घेतला. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) मात्र कायमचा सुटला. ऐनवेळी नाव बदलताना वितरकाकडून पडद्यावरची कॉपीराइटची ओळच गळली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात तेवढं पुरेसं होतं. भयपटांमधल्या टीव्हीवर हाच सिनेमा इतक्यांदा का दिसतो, त्याचं उत्तर या गळलेल्या ओळीत आहे.

भारतात मोकळा झालेला सिनेमा परदेशात मोकळा असेलच असं नाही. अमेरिकेत अनेक जुन्या सिनेमांची मुदत प्रदर्शनापासून ९५ वर्षं आहे. ठाण्यातल्या स्पर्धेसाठी केलेली शॉर्टफिल्म उद्या ओटीटीवर गेली तर जगभर दिसणार. म्हणून परवानगीच्या पत्रात या गोष्टी हव्यातच: नेमकी क्लिप (कुठल्या मिनिट-सेकंदापासून कुठपर्यंत), ती कोणत्या प्रसंगात वापरली जाणार, कुठल्या माध्यमांत, कुठल्या देशांत, किती वर्षांसाठी, आणि चित्र व आवाज दोन्ही की एकच. 'फक्त फेस्टिव्हलसाठी' म्हणून स्वस्तात घेतलेली परवानगी ओटीटीच्या वेळी पुन्हा मागावी लागते, आणि तेव्हा समोरच्याला आपली गरज कळलेली असते. दोन्हींचा दर पहिल्याच पत्रात लिहून घ्यावा.

पैसे नाहीत तर? खोटा जुना सिनेमा बनवा. 'होम अलोन'मध्ये तो पोरगा जो गुंडांचा काळा-पांढरा सिनेमा लावतो, तो 'एंजल्स विथ फिल्दी सोल्स' कधी अस्तित्वातच नव्हता. एक खोली, दोन-तीन नट, जुन्या पद्धतीचं लायटिंग, एवढ्यावर तो उभा केला. आजही लोक तो शोधत बसतात. मराठीत भगवानदादांवरच्या 'एक अलबेला'त (२०१६) 'अलबेला'ची गाणी नव्या नटांसह पुन्हा चित्रित झाली. मात्र पुनर्चित्रणात गाणं तेच राहतं, त्यामुळे गाण्याच्या हक्कांतून सुटका नाही. पूर्ण सुटका हवी तर शब्द आणि चाल दोन्ही नवीन हवीत.

कॉपी कुठली

हक्क मिटला तरी धड कॉपी लागते. नेटवरून उतरवलेल्या कॉपीत कोपऱ्यात चॅनेलचा लोगो असतो, हलत्या गोष्टींच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात, आणि चौकोनी चित्र ताणून रुंद केल्यामुळे सगळे नट वजन वाढल्यासारखे दिसतात. निर्मात्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे नुसती परवानगी मागू नये, स्कॅनही मागावा. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४, आता एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या छत्राखाली) जुन्या प्रिंट जपतं. पण संग्रहालयाकडे प्रिंट असणं आणि हक्क असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे जातानाही हक्कदाराचं पत्र सोबत हवं.

एक बारीक सापळा वेगाचा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा, २५ फ्रेमचा. टेपवर उतरवताना सिनेमा सरळ २५ ने पळवत. त्यामुळे तो सुमारे ४ टक्के जलद होतो आणि आवाज जवळजवळ पाऊण अर्धस्वर चढतो. जुन्या टेपवरून घेतलेलं गाणं पेटीशी जुळत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच. २४ च्या टाइमलाइनवर फ्रेम फ्रेमला ठेवली की चित्र आणि सूर दोन्ही जागेवर येतात. आपल्या वाशीच्या प्रसंगात मात्र ते तसंच चढं ठेवायला हरकत नाही. टेपवरून प्रसारण झालं असेल तर १९८४ साली टीव्हीवर ते तसंच ऐकू येणार.

मूकपट असेल तर बहुधा सेकंदाला १६ ते १८ फ्रेम. तो २४ ने चालवला की माणसं तुरुतुरु पळतात, आणि 'जुना सिनेमा असाच असतो' असा समज त्यातूनच झाला. १६ च्या सिनेमात प्रत्येक दुसरी फ्रेम दोनदा दाखवली की २४ होतात, १८ च्यात प्रत्येक तिसरी.

आता आकार. जुन्या बोलपटाचं चित्र उंचीच्या १.३७ पट रुंद. टीव्हीची नळी १.३३, त्यामुळे वाशीच्या घरात अडचण नाही. पण तीच क्लिप पूर्ण पडदाभर दाखवायची आणि आपला सिनेमा १.८५ चा असेल, तर रुंदी भरली की उंचीचा २६ टक्के भाग कापला जातो. वरून फेटा जातो, खालून घुंगरू. दोन्ही बाजूंना काळं सोडावं, प्रेक्षकाला ते खटकत नाही. कापलेली डोकी खटकतात.

टीव्ही खरा लावायचा की नंतर चिकटवायचा

आमचं मत सरळ आहे. जुन्या नळीचा टीव्ही चालू स्थितीत मिळत असेल तर तोच लावावा. त्याचा निळसर थरथरता उजेड शेजारच्या काकूंच्या चष्म्यात दिसतो. कॉम्प्युटरवर ते आणायला चार दिवस जातात आणि तरी ते काकूंच्या मान वळवण्याशी जुळत नाही.

जोडणी अशी. मीडिया प्लेअरमधून एचडीएमआय, तिथून एव्ही कन्व्हर्टर, पुढे आरएफ मॉड्युलेटर (चित्राचा अँटेनातून येतो तसा सिग्नल बनवणारी डबी), तिथून टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत. जुन्या संचाला एव्ही इनपुट नसतो, म्हणून मॉड्युलेटर लागतोच. कन्व्हर्टरवरचं बटण पालवर हवं. ते एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकी पद्धतीवर, राहिलं तर चित्र वर-खाली घरंगळत राहतं, आणि युनिट तासभर अँटेनाची वायर हलवत बसतं. शिवाय काही जुन्या संचांना फक्त व्हीएचएफ कळतं, तर बाजारातले काही मॉड्युलेटर फक्त यूएचएफ देतात; हे प्रसारणाचे दोन वेगळे पट्टे. दोन्ही आदल्या दिवशी एकत्र लावून बघावेत, शूटच्या सकाळी नाही. संच अर्धा तास आधी चालू करून ठेवावा. चित्र स्थिरावायला वेळ लागतो. आणि बंद असला तरी मागचं झाकण हौशी माणसाने उघडू नये, नळीत हजारो व्होल्ट साठलेले राहतात.

आता कॅमेरा. पालचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो. कॅमेरा २४ फ्रेम आणि १/४८ शटरवर ठेवला की टीव्हीवरून एक पट्टा सरकत राहतो. कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर आणलं की पट्टा थांबतो, एक बारीक रेघ उरते. कॅमेऱ्यात फेज किंवा सिंक्रो-स्कॅनची सोय असेल तर ती रेघ टीव्हीच्या कडेबाहेर ढकलता येते. सोय नसेल तर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दोन-चार वेळा बंद-चालू करून बघावं, रेघ दरवेळी वेगळ्या जागी पडते. ट्यूबलाइटही ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकते, तिलाही हेच शटर मानवतं. बाकी सिनेमा २४ चा असेल तर हा एक प्रसंग किंचित संथ होईल. डोळ्यांना कळत नाही. संवाद असेल तर मात्र आवाजाचा सूर उतरतो, तो नंतर सॉफ्टवेअरने वर घ्यावा लागतो.

उजेडाचं गणित: टीव्हीतला पांढरा भाग चेहऱ्याच्या उजेडापेक्षा साधारण एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट, ठेवला की टीव्ही 'चालू' वाटतो पण पांढराफटक होत नाही. खोलीतला दिवा कमी करावा, टीव्हीचा ब्राइटनेस वाढवू नये. वाढवला की नळीतला काळा रंग राखाडी होतो. आणि नळीची काच फुगीर असते, तिच्यात अख्खं युनिट दिसतं. कॅमेऱ्यामागे काळं कापड आणि लाइटदादांना काळा शर्ट, दोन्ही लागतं.

नंतर चिकटवायचंच असेल तर टीव्हीवर हिरवा कागद लावू नये. हिरवा उजेड चेहऱ्यांवर सांडतो आणि काचेवरचं खरं प्रतिबिंब मरतं. टीव्ही बंद, काळाच ठेवावा, चार कोपऱ्यांना बारीक खुणा कराव्यात. मग क्लिप त्या काळ्यावर उजेडासारखी मिसळता येते आणि प्रतिबिंब तसंच राहतं. टीव्हीसमोरून कोणी हात फिरवला तर तेवढ्या फ्रेम हाताने कापाव्या लागतात, म्हणून त्या शॉटमध्ये कोणाला उठवू नये. चेहऱ्यांवरच्या उजेडासाठी एक लहान एलईडी टीव्हीच्या जागी ठेवून तो क्लिपमधल्या कट्‌सप्रमाणे कमी-जास्त करावा. कट्‌सप्रमाणे, हे महत्त्वाचं. ताल न पाळता लुकलुकवलेला दिवा शेकोटीसारखा दिसतो.

थिएटर

ठाण्यातल्या एखाद्या जुन्या एकपडदा थिएटरात मॅटिनीचा प्रसंग घ्यायचा, तर वेगळं गणित. सिनेमागृहाच्या पडद्याचा पांढरा साधारण १४ फूट-लँबर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप) असतो. आयएसओ ८००, शटर १/५० आणि एफ ४ वर तो मधल्या राखाडीपेक्षा (कॅमेरा मध्यम उजेड धरतो ती छटा) सुमारे दोन स्टॉप वर बसतो, म्हणजे आजच्या कॅमेऱ्यांना आरामात झेपतो. थिएटरचा प्रोजेक्टर चालत असेल तर उत्तम. नसेल तर ५००० ल्युमेनचा भाड्याचा प्रोजेक्टर ३० फूट रुंद पडद्यावर सुमारे १० फूट-लँबर्ट देतो, म्हणजे थोडा मंद. १२ फूट पडद्यावर तोच साठच्या वर जातो. मागून घेतलेल्या शॉटला मोठा पडदा लागतोच असं नाही. १२ फुटांचा पडदा, समोर तीन रांगा डोकी आणि लेन्सची योग्य निवड, एवढ्यात काम होतं.

प्रोजेक्टर घेताना एकच गोष्ट विचारावी: रंगचक्रवाला एक चिपचा आहे का? असेल तर कॅमेऱ्यात रंगीत पट्टे दिसतात. तीन चिपचा किंवा एलसीडी घ्यावा. एलईडी वॉल लावली तर मोआरे, म्हणजे पाण्यासारख्या लाटा उमटतात, कारण दिव्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर पडतात. कॅमेरा मागे घ्यावा किंवा फोकस पुढच्या डोक्यांवर ठेवून वॉल किंचित धूसर सोडावी. प्रोजेक्टरचा झोत हवेत दिसायला धूर लागतो. पूर्वी ते काम प्रेक्षकांच्या विड्या करायच्या, आता हेझ मशीन. आणि जुन्या क्लिपमध्ये नट सिगारेट ओढत असेल तर धूम्रपानाचा इशारा आपल्या सिनेमावर येतो. क्लिप निवडतानाच हे बघावं.

चित्र जुनं दिसावं म्हणून हल्ली त्यावर तयार ओरखडे टाकतात आणि बहुतेक वेळा चुकीचे टाकतात. खरा ओरखडा उभा असतो आणि शेकडो फ्रेम एकाच जागी राहतो, कारण रीळ प्रोजेक्टरमध्ये एकाच खिळ्याला घासत जातं. धुळीचा ठिपका मात्र एकाच फ्रेमपुरता येतो. रीळ संपत आलं की उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल खूण दोनदा येते: पहिली शेवटाच्या सुमारे ८ सेकंद आधी, दुसरी सुमारे १ सेकंद आधी, ऑपरेटरला दुसरं मशीन चालू करता यावं म्हणून. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, त्यामुळे २००० फुटांचं रीळ २२ मिनिटांचं. सिनेमाच्या मध्येच, मनाला येईल तेव्हा ही खूण टाकली की जाणकार हसतो. सुरुवातीचं सेन्सॉर सर्टिफिकेट दाखवणार असाल तर १९७५ च्या प्रसंगात 'यूए' नको. तो वर्ग १९८३ पासूनचा, त्याआधी 'यू' आणि 'ए' एवढेच.

आवाज

चित्राला आठवडा आणि आवाजाला अर्धा तास, अशी वाटणी सर्रास होते. जुन्या ऑप्टिकल ट्रॅकमध्ये, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेल्या आवाजात, ८ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही उरत नाही. टीव्हीच्या लहान स्पीकरमधून त्यातलाही वरचा-खालचा भाग गळतो. फिल्टर लावून ते साधतं, पण खोली साधत नाही. खोलीसाठी क्लिपचा आवाज खऱ्या लहान स्पीकरवर, तशाच फरशीच्या घरात वाजवून माइकने पुन्हा रेकॉर्ड करावा. साउंड डिझायनर वॉल्टर मर्च यांनी 'अमेरिकन ग्राफिटी'साठी (१९७३) रेडिओवरच्या गाण्यांवर हेच केलं होतं. दोन माइक ठेवावेत, एक स्पीकरपासून हातभर अंतरावर आणि एक स्वयंपाकघराच्या दारात. आई आत पोळ्या लाटताना गाणं ऐकते तेव्हा दुसरा ट्रॅक वर घ्यायचा. शूटच्या वेळी मात्र टीव्हीचा आवाज पूर्ण बंद ठेवावा, नाहीतर संवादांच्या मागे गाणं चिकटतं आणि कट जुळत नाहीत. कलाकारांना क्लिप आधी आवाजासकट दोनदा दाखवली की कुठे हसायचं ते त्यांच्या लक्षात राहतं.

वाशीच्या घरातलं हे रेकॉर्डिंग रात्री उशिरा करावं, शेवटची लोकल गेल्यावर. खाडीवरून वाशीला रेल्वे आली १९९२ साली. १९८४ च्या शनिवारी गाण्याच्या मागे लोकलचा हॉर्न वाजला, तर नवी मुंबईतला पन्नाशीपुढचा प्रत्येक प्रेक्षक तो पकडेल.